'२ टक्के' सोडून '१ टक्का' घेतलं आणि चेहरा पोळला: रेटिनॉलच्या चार लेबलांचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण एका महिलेचं. वय ३६. कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे. वर्ण गव्हाळ, त्यामुळे एखादी पुटकुळी येऊन गेली तरी तिचा डाग महिनोन्महिने रेंगाळणारा. तक्रारी दोनच: डोळ्यांच्या कडांच्या बारीक सुरकुत्या आणि गालांवरचा कुठे गडद, कुठे फिका रंग.

सकाळी फेसवॉश, मॉइश्चरायझर, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. रात्री फेसवॉश आणि 'रेटिनॉइड २%' असं ठळक छापलेलं सीरम (रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन ए च्या गटातले घटक, रेटिनॉल त्यांतलाच एक). आठवड्यातून तीनदा सीरमच्या आधी ७ टक्के ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर. पाच महिने हे सगळं बिनबोभाट चाललं. या सीरमला पुढे 'अ' म्हणू.

'अ' संपलं. त्यांना शब्द 'रेटिनॉल'च हवा होता, कारण वाचलं होतं त्याबद्दलच. म्हणून 'रेटिनॉल १%' लिहिलेलं सीरम घेतलं. ते 'ब'. हिशेब सरळ होता: "२ टक्क्यांची सवय आहे, १ टक्का म्हणजे सौम्यच की." म्हणून पहिल्या रात्रीपासून ते रोज, 'अ'इतकंच, ड्रॉपरने सहा थेंब लावलं. टोनरही चालूच राहिला.

अडचण

तिसऱ्या रात्री चुणचुण. पाचव्या दिवशी नाकपुड्यांच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत सालं. इथे पहिला चुकीचा निर्णय झाला. सालं म्हणजे मृत त्वचा साचली, असं समजून त्यांनी ती काढायला टोनर लागोपाठ दोन रात्री लावला. आठव्या सकाळी चेहऱ्याला नुसतं पाणी लागलं तरी आग होत होती. सनस्क्रीन झोंबतं म्हणून तेही दोन दिवस बंद केलं, नेमकं ज्या दिवसांत त्याची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा.

ही ॲलर्जी की नुसता दाह, हा पहिला प्रश्न. खाजेपेक्षा जळजळ जास्त होती. लाली जिथे सीरम लागलं तिथेच थांबली होती आणि खाचांमध्ये, म्हणजे जिथे द्रव साचतो तिथे, सर्वांत तीव्र होती. पापण्या सुजल्या नव्हत्या, पाणीदार फोड नव्हते. चित्र दाहाचं होतं. पापण्यांची सूज, फोड, स्राव किंवा सीरम न लागलेल्या जागीही पुरळ असं काही असतं, तर पुढचं काहीही न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं होतं.

लेबलं शेजारी ठेवून

'अ', 'ब', नव्याने विचारात घेतलेली एक क्रीम ('क') आणि एका मैत्रिणीने सुचवलेली बरणीतली 'रेटिनॉल' क्रीम ('ड') अशी चार लेबलं सल्ला देणाऱ्यांनी शेजारी ठेवली. समोरच्या बाजूचे आकडे बाजूला ठेवून मागची घटकसूची वाचली.

आधी एक साखळी लक्षात घ्यावी लागते. त्वचेच्या पेशींमधल्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं ते रेटिनॉइक ॲसिड. बाकीचे प्रकार त्वचेत पोचल्यावर पायरीपायरीने त्यात बदलतात: रेटिनिल पामिटेट किंवा ॲसिटेटसारखी एस्टरं (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेली संयुगं) आधी रेटिनॉल होतात, रेटिनॉलचं रेटिनाल होतं, रेटिनालचं रेटिनॉइक ॲसिड. आधीच्या पायऱ्यांवरून मागे येता येतं (रेटिनॉलचा मोठा हिस्सा त्वचा पुन्हा एस्टर करून साठवून ठेवते), शेवटच्या पायरीवरून नाही. जितक्या पायऱ्या जास्त, तितकी वाटेत गळती जास्त. म्हणून एकाच टक्केवारीची चार वेगवेगळी रूपं म्हणजे चार वेगवेगळ्या ताकदी.

'अ' चं लेबल. 'रेटिनॉल' हा शब्द सूचीत कुठेच नाही. आहे ते हायड्रॉक्सीपिनाकोलोन रेटिनोएट, आणि त्याच्या आधी डायमिथाइल आयसोसॉर्बाइड हा द्रावक. ही जोडी दिसली की ओळखायचं. हा घटक कारखान्यात बहुधा १० टक्के द्रावण म्हणून येतो आणि बाटलीवर छापलेले '२%' हे त्या द्रावणाचे असतात. प्रत्यक्ष घटक ०.२ टक्के. कंपनीला लिहून विचारलं, उत्तर तेच आलं. हा रेटिनॉइक ॲसिडचाच एक एस्टर आहे. प्रयोगशाळेत तो ग्राहींना थेट चिकटतो, म्हणून जाहिरातीत 'रूपांतराची गरज नाही' असं म्हणतात. चिकटणं आणि चेहऱ्यावर परिणाम दिसणं यांत अंतर असतं. त्याच्यामागचा अभ्यास रेटिनॉल किंवा ट्रेटिनोइनच्या (औषध म्हणून मिळणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडच्या) मानाने तुटपुंजा आहे. मात्र तो सहसा कमी झोंबतो, आणि इथे तेच झालं होतं.

'ब' चं लेबल. पाणी, डिनेचर्ड अल्कोहोल, प्रोपिलीन ग्लायकॉल, पॉलिसॉर्बेट २०, रेटिनॉल, बीएचटी, बीएचए, फेनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणाचं मूळ या ओळीत आहे. रेटिनॉलसोबत पॉलिसॉर्बेट २०, बीएचटी आणि बीएचए दिसणं ही एका प्रकारच्या कच्च्या मालाची खूण असते. त्यात रेटिनॉल सुमारे निम्मंच असतं, बाकी वाहक आणि ऑक्सिडेशन रोखणारे घटक. एखाद्या कंपनीने हा कच्चा माल १ टक्का घालून '१%' छापलं, तर खरं रेटिनॉल ०.५ टक्क्यांच्या आसपास निघतं. 'रेटिनॉल कॉम्प्लेक्स', 'रेटिनॉल ब्लेंड' असे शब्द असले की ही शंका घ्यायचीच. मात्र 'ब'च्या कंपनीने लेखी उत्तर दिलं: शुद्ध रेटिनॉल १ टक्का. हे उत्तर मिळेपर्यंत कोणताही हिशेब मांडला नाही, हे बरं झालं, नाहीतर उत्तर दुपटीने चुकलं असतं.

सूचीतला क्रम बघून टक्केवारी काढायचा मोह अनेकांना होतो. १ टक्क्यावरचे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पण त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल या संरक्षकाची युरोपीय मर्यादा १ टक्का, म्हणून त्याच्या नंतर येणारं सगळं १ टक्का किंवा कमी असं ढोबळमानाने धरता येतं. त्याच्या आधी आलेलं जास्तच असेल, असं मात्र धरता येत नाही.

आता मात्रा. सहा थेंब म्हणजे साधारण ०.२५ मिली. 'अ' मधून रोज रात्री सुमारे ०.५ मिलिग्रॅम घटक चेहऱ्यावर जात होता, 'ब' मधून २.५ मिलिग्रॅम रेटिनॉल. आठवड्याला ३.५ च्या जागी १७.५. रेणू वेगळे असल्याने हे आकडे एकास एक तोलता येत नाहीत, पण '२ वरून १ वर आले' हा समज किती उलटा होता ते यातून कळतं. शिवाय अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल दोन्ही घटकाला आत शिरायला वाट करून देतात. सुगंधाने दाहात भर घातली असणार, किती ते सांगता येणार नाही.

'क' चं लेबल. कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरिन, स्क्वालेन, सेटेअरिल अल्कोहोल, नायसिनामाइड, पुढे रेटिनॉल, सेरामाइड एनपी, कोलेस्टेरॉल, टोकोफेरॉल, डायसोडियम ईडीटीए. समोर '०.३%', आणि कंपनीच्या माहितीपत्रकात 'शुद्ध रेटिनॉल' असा स्पष्ट उल्लेख. सेटेअरिल अल्कोहोल पाहून त्या दचकल्या, पण ते मेणासारखं मेद-अल्कोहोल आहे, त्वचा मऊ ठेवणारं. 'ब' मधल्या अल्कोहोलशी त्याचं फक्त आडनाव जुळतं. ईडीटीए रेटिनॉलचं विघटन वेगाने करणारे धातूंचे अंश बांधून ठेवतं. सुगंध नाही. बारीक तोंडाची ॲल्युमिनियमची ट्यूब, म्हणजे प्रकाश शून्य आणि हवा अगदी थोडी.

'ड' चं लेबल. रेटिनॉल नाहीच, परफ्यूमनंतर कुठेतरी रेटिनिल पामिटेट. त्याचा रेणू जड असल्याने १ टक्का पामिटेट म्हणजे वजनाने जेमतेम ०.५५ टक्के रेटिनॉल, आणि इथे १ टक्काही असण्याची चिन्हं नाहीत. वर रुंद तोंडाची बरणी: रोज झाकण उघडलं की हवा, उजेड आणि बोटं तिन्ही आत. 'ड' लगेच बाद.

कोणते पर्याय तोलले

*'ब' मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावणं.* बाटली जवळपास भरलेली असल्याने त्यांचा कल इकडे होता. हातावर मिसळताना रोज किती प्रमाण पडतंय ते कळत नाही, आणि अल्कोहोल व सुगंध तर राहतातच. "मग मानेला लावते, वाया कशाला घालवू?" हाही प्रश्न आला. मानेची त्वचा चेहऱ्यापेक्षा नाजूक आणि कमी तेलग्रंथींची, तिथे तर आणखी लवकर सोलवटली असती. नाही.

*'अ' कडे परत जाणं.* सुरक्षित आणि परिचित. पाच महिन्यांत सुरकुत्यांत फरक दिसला नव्हता, एवढंच त्याच्या विरोधात. हा पर्याय राखून ठेवला.

*रेटिनाल ०.०५ टक्के.* रेटिनॉलपेक्षा एक पायरी पुढे, म्हणून कमी टक्क्यात काम करतं. भाजलेल्या त्वचेवर नवा आणि जास्त ताकदीचा रेणू सुरू करण्यात शहाणपण नव्हतं.

*बाकुचिओल.* बावचीपासून मिळणारा, रचनेने रेटिनॉलशी नातं नसलेला घटक. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा असं ताडून पाहिलं. सुरकुत्या आणि डागांत फरक जवळपास सारखा पडला, सालं आणि चुणचुण रेटिनॉलच्या गटात जास्त. आश्वासक आहे, पण ४४ माणसांवर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. 'क' जमलं नाही तर हा पुढचा पर्याय ठरला.

*ट्रेटिनोइन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.* सुरकुत्यांसाठी सर्वांत भक्कम पुरावा याचाच. १९७१ पासून ते मुरमांसाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे आणि उन्हाने झालेल्या त्वचेच्या हानीवर १९८० च्या दशकापासून अभ्यासलं गेलं आहे. पण दाहही त्यातच जास्त. नुकतीच पोळलेली व्यक्ती पहिल्याच आठवड्यात ते सोडून देण्याची शक्यता मोठी.

*'क', ०.३ टक्के.* युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी रेटिनॉलची जी मर्यादा ठरवली ती हीच: ०.३ टक्के, आणि अंगाला लावायच्या लोशनसाठी ०.०५ टक्के. नव्या उत्पादनांना ती १ नोव्हेंबर २०२५ पासून, आधीच बाजारात असलेल्यांना १ मे २०२७ पासून लागू. ही मर्यादा शरीरात सर्व वाटांनी जाणाऱ्या एकूण व्हिटॅमिन ए चा विचार करून आहे, चेहरा भाजतो म्हणून नव्हे. इथे ती एवढ्यासाठीच उपयोगी की अनेक चांगल्या क्रीम या आकड्याभोवती बनतात.

'क' निवडली. त्याआधी गर्भधारणेचा विचार आहे का, हे विचारलं. तोंडावाटे घेतलेल्या रेटिनॉइडने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून खबरदारी म्हणून लावायचे प्रकारही त्या काळात टाळतात. उत्तर 'हो' असतं तर 'अ', 'ब', 'क', 'ड' चारही बंद झाले असते.

काय केलं

आधी १९ दिवस काहीच नाही, म्हणजे सौम्य, फेस न येणारा फेसवॉश फक्त रात्री, सकाळी साधं पाणी, दिवसातून दोन-तीनदा सेरामाइड आणि ग्लिसरिनची बिनसुगंधी क्रीम, आणि खाचांवर, ओठांच्या कोपऱ्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. टोनर, व्हिटॅमिन सी, स्क्रब, वाफ सगळं बंद. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन झोंबलं नाही, ते पहिल्या दिवसापासून सुरू. घरात पडून असलेली स्टेरॉइडची ट्यूब लावावी का, असं त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर ती डॉक्टरांनी दिल्याशिवाय लावायची नाही. लाली दोन दिवसांत जाते आणि ट्यूब सोडता सोडवत नाही, हे अनेकांच्या बाबतीत झालेलं आहे.

सुरुवात कधी करायची, हे कॅलेंडरवरून ठरवलं नाही. निकष एकच: साधी क्रीम सलग पाच दिवस अजिबात झोंबली नाही पाहिजे. तो १९ व्या दिवशी पूर्ण झाला. त्याच सुमारास 'क' कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहिली. हलका कोरडेपणा, बाकी काही नाही.

मग चेहरा. चेहरा धुतल्यावर २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेत घटक वेगाने शिरतो. साध्या क्रीमचा थर, त्यावर वाटाण्याएवढी, साधारण ०.२५ ग्रॅम 'क', दहा मिनिटांनी पुन्हा साधी क्रीम. पापण्या, खाचा आणि ओठांचे कोपरे सोडून.

- आठवडा १–२: सोमवार आणि गुरुवार रात्री. आठवड्याला १.५ मिलिग्रॅम रेटिनॉल, म्हणजे 'ब'च्या काळातल्या मात्रेचा साधारण बारावा हिस्सा.
- आठवडा ३–४: दर तिसऱ्या रात्री.
- आठवडा ५ पासून: एक रात्र आड, खालचा क्रीमचा थर काढून.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. वरच्या ओठावर वॅक्स केलं आणि पट्टीबरोबर त्वचेचा पातळ थर निघाला, दोन लाल पट्ट्या राहिल्या. रेटिनॉलने वरचा थर सैल आणि पातळ झालेला असतो, वॅक्स त्यालाच धरून ओढतं. वॅक्सच्या आधी किमान आठवडाभर त्या भागावर रेटिनॉल बंद ठेवायला सांगायचं राहून गेलं होतं. सगळ्या चेहऱ्याचं रेटिनॉल आठ दिवस थांबवलं, मग तिसऱ्या आठवड्याच्या वेळापत्रकावरून पुन्हा सुरुवात. पुढच्या वेळी वॅक्सऐवजी कात्री.

टोनर दहाव्या आठवड्यात परत आला, आठवड्यातून एकदाच आणि रेटिनॉल नसलेल्या रात्री.

परिणाम

फोटो दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, सनस्क्रीन न लावता. बाराव्या आठवड्यात गालांचा पोत गुळगुळीत आणि रंगातला फरक थोडा कमी. डोळ्यांच्या कडांच्या रेषा किंचित उथळ, तेही फोटो शेजारी ठेवले तर. कपाळावरची खोल आडवी रेघ होती तशीच, ०.३ टक्क्यांनी ती जाईल असं कुणी सांगितलंही नव्हतं.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो आठ दिवसांच्या 'ब' ने. नाकाच्या डाव्या खाचेशी दाहानंतर उमटलेला तपकिरी डाग जवळपास चार महिने राहिला. ज्या डागांसाठी हे सगळं सुरू केलं, त्यांत एकाची भर पडली.

काय वेगळं करता आलं असतं

'ब' घेण्याआधी दोन्ही सूच्या शेजारी ठेवल्या असत्या, तर दोन्हींत वेगळे रेणू आहेत हे तिथल्या तिथे दिसलं असतं. तेही न करता एक नियम पाळला असता तरी निभावलं असतं: रेटिनॉइडची बाटली बदलली की सवय शून्यावर धरायची, पुन्हा आठवड्यातून दोन रात्रींपासून.

तिसऱ्या रात्रीची चुणचुण हा थांबायचा क्षण होता. सुरुवातीच्या आठवड्यांत हलका कोरडेपणा आणि थोडी सालं निघणं रेटिनॉलबरोबर येतंच. पाणी किंवा साधी क्रीम झोंबायला लागली तर ते 'सवय होतेय' नसतं. आणि सालांवर ॲसिड लावणं ही तर आगीवर तेल ओतण्यातली गत.

टोनरला दोषी धरायचं का, यावर मतभेद होऊ शकतो. 'अ'बरोबर तो पाच महिने निमूट चालला होता. पण 'ब' सुरू करताना तो थांबवला असता, तर एका वेळी एकच गोष्ट बदलली असती आणि आज दोष कोणाचा ते ठामपणे सांगता आलं असतं.

सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनेही दोन उणिवा. वॅक्सची सूचना सुरुवातीच्याच कागदावर हवी होती. आणि ट्यूबचा आकार बघायला हवा होता. ३० ग्रॅमच्या ट्यूबमधून ०.२५ ग्रॅमप्रमाणे १२० वेळा निघतात, एक रात्र आड म्हणजे आठ महिने. ट्यूबवर मात्र उघड्या डबीच्या चिन्हात '६' लिहिलेलं आहे, उघडल्यापासून सहा महिने. शेवटचे दोन महिने रेटिनॉल कितपत उरलेलं असेल याचा भरवसा नाही. १५ ग्रॅमची ट्यूब चार महिन्यांत संपली असती.

०.५ टक्क्यावर किंवा रेटिनालवर जायचं का, हा प्रश्न २४ व्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवला आहे. तोवर 'क' एक रात्र आड, आणि ट्यूबच्या टोकाला मार्करने उघडल्याची तारीख.